पण हे कळलं कसं?

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात. मुलांसाठी विज्ञानाबद्दल लिहिणाऱ्या कुणालाही हे वाक्य हाताशी असलेलं बरं वाटतं, कारण ते कधी वाया जात नाही. ऐकणाऱ्याचे डोळे मोठे होतात आणि शेजारच्याला ते लगेच सांगितलंही जातं. मुलांसाठी लिहिता लिहिता, त्यांच्याशी बोलता बोलता मला मात्र या वाक्याच्या पुढच्या क्षणाची ओढ लागली आहे. मोठे झालेले डोळे दोन वाटांनी जातात. एखादं मूल म्हणतं, "अजून एक सांगा!" आणि मग आपण जिराफाच्या जिभेकडे नाहीतर शहामृगाच्या डोळ्यांकडे वळतो. एखादं मूल तिथेच थांबतं आणि विचारतं, "तीन कशाला?"

या "कशाला"चं उत्तर मला मूळ वाक्याहून जास्त आवडतं. ऑक्टोपस कल्ल्यांनी श्वास घेतो. तीनपैकी दोन हृदयं कल्ल्यांपाशी असतात, एकेका कल्ल्याला एकेक. कल्ल्यांतल्या अतिशय बारीक नलिकांमधून रक्त ढकलायचं, एवढंच त्यांचं काम. त्या अरुंद वाटांतून बाहेर पडेपर्यंत रक्ताचा जोर ओसरलेला असतो. प्राणवायू घेऊन आलेल्या या मंदावलेल्या रक्ताला पुन्हा जोर देऊन अंगभर पाठवायला तिसरं हृदय लागतं. ऑक्टोपसचं रक्त असतं निळं, कारण प्राणवायू वाहून नेणाऱ्या आपल्या रेणूत लोह असतं, तर त्याच्या रेणूत तांबं. आणखी एक गंमत अशी की, ऑक्टोपस पोहायला लागला की ते तिसरं हृदय ठोके द्यायचं थांबतं. त्यामुळे पोहणं त्याला दमवतं आणि शक्य असेल तेव्हा तो समुद्राच्या तळावरून सरपटत जाणंच पसंत करतो. इतकं कळल्यावर ऑक्टोपस आपल्यासाठी नुसता आकडा राहत नाही. तो कुठे आणि कसा जगतो, कशाने दमतो, हे दिसायला लागतं.

माझं मत असं आहे की मुलांना निसर्गातलं नवल सांगायचं तर तिथवर जायला हवं, आणि जमेल तिथे आणखी एक पायरी पुढे. ती पायरी म्हणजे, हे कळलं कसं? कुणी पाहिलं, काय करून पाहिलं, आधी लोकांना काय वाटत होतं? हा भाग मुलांना कंटाळवाणा वाटेल म्हणून मोठी माणसं तो गाळतात. माझा अनुभव नेमका उलटा आहे. शोधाची गोष्ट सांगायला लागलं की चुळबुळ थांबते, कारण त्या गोष्टीत मुलांना स्वतःला करता येईल असं काहीतरी सापडतं.

काही उत्तरं मात्र उत्तरासारखी दिसतात आणि काहीच सांगत नाहीत. अमेरिकन अभिनेते अ‍ॅलन अल्डा अकरा वर्षांचे असताना त्यांनी आपल्या शिक्षिकेला विचारलं होतं, "ज्योत म्हणजे काय?" उत्तर मिळालं, "ऑक्सिडेशन." त्या मुलाच्या हाती एक अवघड शब्द आला, ज्योतीबद्दल काहीच आलं नाही. ते उत्तर अल्डांच्या मनात इतकी वर्षं टोचत राहिलं की 2012 मध्ये त्यांनी जगभरच्या शास्त्रज्ञांपुढे हाच प्रश्न ठेवला. अकरा वर्षांच्या मुलाला समजेल असं उत्तर द्या, असं आव्हान होतं आणि परीक्षक म्हणून बसली अकरा वर्षांचीच मुलं. ज्योतीचं उत्तर देणं किती अवघड आहे, हे त्या निमित्ताने अनेक विद्वानांनी अनुभवलं असेल.

त्याच ज्योतीपाशी इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेही थांबले होते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये 1825 पासून नाताळच्या सुट्टीत खास मुलांसाठी व्याख्यानं होऊ लागली. फॅरडेंनी 1860 च्या नाताळात एका साध्या मेणबत्तीवर संपूर्ण व्याख्यानमाला दिली. ते शब्द पुरवत नव्हते, दाखवत होते. ज्योतीच्या मधल्या काळपट भागात त्यांनी काचेची नळी धरली. नळीतून धुरकट वाफ बाहेर आली आणि दुसऱ्या टोकाला पेटवल्यावर ती तिथेही जळू लागली. म्हणजे जळतं ते घट्ट मेण नव्हे, त्याची वाफ जळते. हे घरीही पाहता येतं, अर्थात मोठं माणूस सोबत असताना. मेणबत्ती विझवायची आणि वातीतून वर जाणाऱ्या पांढुरक्या धाग्याला जळती काडी लावायची. काडी वातीला टेकवायची नाही. ज्योत त्या धाग्यावरून उडी मारून वातीवर परत येते. हे पाहिलेल्या मुलाला मग "ऑक्सिडेशन" हा शब्द खुशाल सांगा. आता त्या शब्दाला चिकटायला काहीतरी आहे.

आकाश निळं का, हा प्रश्न तर इतका जुना आणि इतक्यांदा विचारलेला आहे की त्याचं उत्तर आपण न ऐकताच देतो. सूर्यप्रकाशात सगळे रंग असतात, हवेतले रेणू निळ्या रंगाला जास्त विखुरतात, म्हणून चहूकडून निळा प्रकाश डोळ्यांत येतो. इंग्रज भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांनी 1871 मध्ये याचं गणित मांडलं. प्रकाशाची तरंगलांबी जितकी कमी तितकं विखुरणं जास्त, आणि तेही थोडंथोडकं नव्हे. निळा प्रकाश तांबड्याच्या सुमारे सहापट विखुरतो. इथे बहुतेक उत्तरं संपतात. पण जांभळ्याची तरंगलांबी निळ्याहूनही कमी असते, मग आकाश जांभळं का नाही? हा दुसरा प्रश्न मुलं विचारतात, आणि पहिला प्रश्न विचारणाऱ्याने तो विचारलाच पाहिजे. त्याच्या उत्तराचा एक भाग सूर्यात आहे, कारण तो जांभळा प्रकाश निळ्याच्या मानाने कमी पाठवतो. त्यातला काही वाटेत वातावरणाच्या वरच्या थरांतच शोषला जातो. उरलेला भाग आपल्या डोळ्यांत आहे, कारण त्यांना जांभळा रंग निळ्याइतका चांगला दिसत नाही. म्हणजे आकाशाचा रंग ठरवताना सूर्य, हवा आणि पाहणारा, तिघांचाही वाटा असतो. एखाद्या प्राण्याचे डोळे वेगळे असतील तर त्याचं आकाशही वेगळं असेल, हे मुलांना सांगून पाहा. पुढचा अर्धा तास प्रश्नांचा असतो.

शोधाची माझी सर्वांत आवडती गोष्ट वटवाघळांची आहे. ती थोडी सावकाश सांगते.

इटलीत लाझ्झारो स्पालान्झानी नावाचे निसर्गअभ्यासक होते. 1793 च्या सुमारास त्यांनी एका खोलीत पाळीव घुबड सोडलं. मेणबत्ती जळत होती तोवर घुबड छान उडत होतं. मेणबत्ती विझताच ते भिंतींवर आपटू लागलं. वटवाघळं मात्र त्याच काळोखात बिनधास्त उडत राहिली. स्पालान्झानींनी त्यांच्या डोक्यावर टोपडं चढवलं, तेव्हा ती धडपडली. म्हणजे डोळेच कामाचे, असं कुणीही म्हटलं असतं. पण टोपड्याने डोळ्यांबरोबर कानही झाकले जात होते. स्पालान्झानींनी पुढे काही वटवाघळांची दृष्टीच घालवली. आज असा प्रयोग करू देणार नाहीत आणि करूही नये. मुलांना ही गोष्ट सांगताना मी हे वाक्य गाळत नाही. त्या आंधळ्या वटवाघळांना त्यांनी पाव्हियाच्या कॅथेड्रलच्या घंटाघरात सोडलं आणि नंतर त्यांतली काही पुन्हा पकडून त्यांची पोटं तपासली. ती कीटकांनी भरलेली होती. डोळ्यांविना त्यांनी नुसता रस्ताच शोधला नव्हता, उडते कीटकही पकडले होते.

मग जिनिव्हाच्या लुई झ्युरीन यांनी वटवाघळांचे कान मेणाने बुजवले. ती लगेच आपटू लागली. स्पालान्झानींना हे पटेना, म्हणून त्यांनी स्वतः करून पाहिलं. कानात मेण घातल्यामुळे वटवाघूळ नुसतंच बिथरत असेल तर? ही शंका फेडायची त्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. त्यांनी पितळेच्या इवल्याशा नळ्या करून कानांत बसवल्या. नळ्या उघड्या असताना वटवाघूळ नीट उडे, त्याच नळ्या बंद केल्या की धडके. कानात काहीतरी असण्याचा त्रास दोन्ही वेळा सारखाच. फरक फक्त ऐकू येण्याचा होता.

उत्तर हाताशी आलं होतं, पण ते कुणालाच पटेना. कारण वटवाघूळ उडताना माणसाला काहीच ऐकू येत नव्हतं. ऐकायलाच काही नाही, तर कान काय करणार? त्या काळातले मोठे प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्युव्हिए यांनी सांगितलं की वटवाघळं स्पर्शाने, पंखांना जाणवणाऱ्या हवेवरून वाट काढतात. एकही प्रयोग न करता दिलेलं हे मत शंभराहून जास्त वर्षं टिकलं, कारण ते देणारा माणूस मोठा होता. पितळेच्या नळ्या विस्मरणात गेल्या.

1938 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातला डोनाल्ड ग्रिफिन नावाचा विद्यार्थी पिंजराभर वटवाघळं घेऊन जॉर्ज पिअर्स या भौतिकशास्त्रज्ञाकडे गेला. पिअर्सकडे माणसाला ऐकू न येणारे उंच स्वर पकडून ते ऐकू येतील असे बदलणारं यंत्र होतं. वटवाघळं यंत्रासमोर नेली आणि यंत्र खडखडू लागलं. ती शांत मानलेली खोली आवाजाने भरलेली होती. आपण फार तर 20 हजार हर्ट्झपर्यंतचे, म्हणजे सेकंदाला 20 हजार कंपनांपर्यंतचे स्वर ऐकतो आणि वय वाढतं तशी ही मर्यादा खाली येते. बहुतेक वटवाघळांच्या हाका त्याच्या वरच्या असतात. पुढे ग्रिफिन आणि रॉबर्ट गॅलाम्बॉस यांनी कान बुजवून, तोंड बांधून दोन्ही तपासलं. बोलता आलं नाही तरी वटवाघूळ आपटतं आणि ऐकता आलं नाही तरी आपटतं. ते हाक मारतं आणि तिच्या प्रतिध्वनीवरून जग ओळखतं.

इथे मुलांना मी एक हिशेब करायला देते. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. समजा, पतंगकिडा वटवाघळापासून 1.7 मीटरवर आहे. जाऊन परत यायचं अंतर 3.4 मीटर. म्हणजे प्रतिध्वनी सेकंदाच्या शंभराव्या भागात परत येतो. तेवढ्यात वटवाघळाला कळायला हवं की समोर काय आहे, किती लांब आहे, कुठे चाललंय. कीटक जवळ येतो तसा वटवाघळाच्या हाकांचा वेग वाढत जातो, शेवटच्या क्षणी सेकंदाला दोनशेच्या आसपास. आपल्याच आवाजाने कानठळ्या बसू नयेत म्हणून हाक मारताना त्याच्या मधल्या कानातला एक स्नायू आखडतो आणि प्रतिध्वनी यायच्या आत सैल होतो. दुसरी बाजूही गप्प नाही. काही पतंगांना या हाका ऐकू येतात आणि ते मटकन खाली पडून निसटतात. काही पतंग उलट स्वतःच टकटक आवाज करून वटवाघळाचा अंदाज बिघडवतात.

एक खुलासा इथे करायलाच हवा, कारण या गोष्टीतून मुलं भलताच निष्कर्ष काढतात. वटवाघूळ आंधळं नसतं. फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांचे डोळे टपोरे असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांचा भर दृष्टी आणि वासावरच असतो.

अशी भलती नवलं खूप फिरतात. सोनमाशाची आठवण तीन सेकंदांची असते म्हणे. सोनमाशांना शिकवलेल्या गोष्टी महिनोन्‌महिने आठवतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. शहामृग घाबरला की वाळूत डोकं खुपसतो म्हणे. त्याचं घरटं म्हणजे जमिनीतला खड्डा असतो आणि अंडी फिरवायला त्याला मान खाली घालावी लागते. ही वाक्यं इतकी वर्षं टिकली, कारण ती सांगताना "कळलं कसं?" असं कुणी विचारलंच नाही.

पाणअस्वलाचंही तसंच. मिलिमीटरहून लहान, आठ पायांचा, शेवाळात राहणारा हा जीव मुलांचा लाडका झाला आहे आणि त्याला सर्रास "अमर" म्हटलं जातं. त्याची खरी गोष्ट पुरेशी अद्भुत आहे. पाणी आटलं की तो पाय आत ओढून सुकलेल्या गोळीसारखा होतो आणि जगण्याचं कामकाज जवळपास थांबवतो. 2007 मध्ये अशी सुकलेली पाणअस्वलं अवकाशात, उघड्या निर्वात पोकळीत ठेवली. पृथ्वीवर परत आणून पाणी दिल्यावर त्यांतली बरीच हलायला लागली. पण सूर्याच्या अतिनील किरणांचा थेट मारा ज्यांच्यावर झाला, त्यांतली फारच थोडी वाचली. आणि ओलं, चालतंफिरतं पाणअस्वल तर इतर किड्यांचं भक्ष्यही होतं आणि म्हातारं होऊनही मरतं. "अमर" म्हटलं की हे सगळं झाकलं जातं. गोळी होण्यात आणि जगण्यात काय फरक आहे, हा खरा चमकणारा प्रश्न तर हरवूनच जातो.

आता मुंग्यांकडे येते. सहारा वाळवंटात कॅटाग्लिफिस नावाच्या मुंग्या राहतात. भर दुपारी, जमीन पोळत असताना त्या बाहेर पडतात आणि उन्हाने मेलेले कीटक शोधतात. जाताना वाट वेडीवाकडी, इकडे वळ, तिकडे वळ. खाणं सापडलं की परतीची वाट मात्र सरळ रेषेत, थेट वारुळाच्या दारी. इतर मुंग्यांसारखी वासाची खूण त्यांना उपयोगाची नाही, तापलेल्या जमिनीवर ती टिकत नाही. दिशा त्यांना सूर्यावरून आणि आकाशातल्या प्रकाशाच्या विशिष्ट घडणीवरून कळते. पण अंतर?

2006 मध्ये मॅथियास विटलिंगर, रुडिगर वेनर आणि हाराल्ड वोल्फ यांनी या प्रश्नाचं उत्तर प्रसिद्ध केलं. त्यांची पद्धत ऐकून मुलं आधी अविश्वासाने बघतात. मुंग्या वारुळापासून 10 मीटरवरच्या खाण्यापर्यंत आल्या की त्यांना पकडायचं. काहींच्या पायांना डुकराच्या राठ केसांचे तुकडे चिकटवायचे, म्हणजे काठ्यांवर चालणाऱ्या माणसासारखे त्यांचे पाय लांब होतील. काहींचे पाय कापून आखूड करायचे. मग सोडायचं. अंदाज करा, काय होईल? मी इथे नेहमी थांबते, कारण उत्तर मुलांनीच काढलेलं बरं. मुंगी पावलांवरून अंतर ओळखत असेल, तर पावलांची संख्या तीच राहील, पण पाऊल मोठं झाल्याने ती पुढे निघून जाईल. झालं तसंच. लांब पायांच्या मुंग्या वारूळ ओलांडून साधारण 15 मीटरपर्यंत गेल्या आणि तिथे दार शोधू लागल्या. आखूड पायांच्या मुंग्या सहा मीटरही न जाता थांबल्या आणि तिथेच घिरट्या घालू लागल्या.

प्रयोग इथे संपला असता तरी चाललं असतं. पण मुंग्या बिथरल्या असतील किंवा पाय दुखत असतील, ही शंका उरते. म्हणून त्याच मुंग्यांना वारुळात सोडलं आणि त्या त्याच बदललेल्या पायांनी पुन्हा बाहेर पडल्या तेव्हा परत मोजलं. आता जाण्याचं आणि येण्याचं पाऊल सारखंच होतं. दोन्ही गटांतल्या मुंग्या नेमक्या दारापाशी पोचल्या. मुंगी आपल्यासारखी एक, दोन, तीन म्हणत असेल असं यातून सिद्ध होत नाही. तिच्या शरीरात पावलांचा हिशेब ठेवणारं काहीतरी आहे, एवढं होतं. "एवढं" म्हटलं तरी ते किती आहे!

शेणकिड्यांचा प्रयोगही याच जातकुळीचा. शेणाचा गोळा करून तो ढकलत सरळ रेषेत पळायचं, कारण ढिगापाशी रेंगाळलं की दुसरा किडा तो पळवतो. चंद्र नसलेल्या रात्रीही काही किडे सरळ जातात. स्वीडनच्या मारी डाके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किड्यांच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या इवल्या टोप्या बसवल्या. आकाश दिसेना, किडे भरकटले. काही किड्यांना पारदर्शक टोप्या दिल्या आणि ते सरळ गेले. म्हणजे भरकटण्याचं कारण टोपीचं ओझं नव्हतं. मग किड्यांना चक्क जोहान्सबर्गच्या तारांगणात नेलं. छतावर नुसता आकाशगंगेचा पट्टा दाखवला, तरी ते जवळपास तितकेच सरळ चालले. हे 2013 मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली पारदर्शक टोपी आणि स्पालान्झानींची उघडी नळी यांत दोनशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे आणि विचार एकच. पारदर्शक टोपी कशासाठी, हे ज्या मुलाला कळलं त्याला प्रयोग म्हणजे काय हे कळलं, असं मी मानते.

कधीकधी पुरावा कुणी न मागता दारात येतो. हिवाळ्यात पक्षी जातात कुठे, याबद्दल युरोपात शतकानुशतकं तर्क चालले होते. पाकोळ्या तळ्याच्या चिखलात झोपतात, असं गंभीरपणे लिहिलं जाई. सतराव्या शतकात चार्ल्स मॉर्टन या इंग्रज विद्वानाने पक्षी चंद्रावर जातात असं मांडलं आणि प्रवासाला दोन महिने लागतात असा हिशेबही दिला. मग 1822 मध्ये जर्मनीत क्ल्यूट्झ गावाजवळ एक करकोचा सापडला. त्याच्या मानेतून लांबलचक भाला आरपार गेलेला होता आणि तो भाला आफ्रिकेतला होता. त्या अवस्थेत तो पक्षी हजारो किलोमीटर उडून आला होता. रोस्टॉक विद्यापीठात तो अजून जपून ठेवलेला आहे. 1899 मध्ये डेन्मार्कच्या हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकाने स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत मजकूर कोरलेली अ‍ॅल्युमिनियमची कडी घालायला सुरुवात केली आणि भाल्याचं काम कड्याने होऊ लागलं. आता उपग्रहाला संदेश पाठवणारी छोटी यंत्रं आहेत. त्यांच्यामुळेच कळलं की 2022 मध्ये पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू अलास्काहून निघालं आणि न थांबता सुमारे 13,560 किलोमीटर उडून अकरा दिवसांनी टास्मानियात उतरलं. वय साधारण पाच महिने. तो रस्ता त्याने याआधी कधी पाहिलेला नव्हता.

हे सगळं उलगडलेल्या कोड्यांबद्दल झालं. मुलांना अर्धवट राहिलेलं कोडंही द्यावं, असं मला वाटतं. माझ्याकडे त्यासाठी ईल मासा आहे.

युरोपातल्या नद्यांमध्ये हा सापासारखा मासा पूर्वापार भरपूर. पण त्याची अंडी कुणाला सापडत नव्हती, पिल्लं जन्मताना दिसत नव्हती. अ‍ॅरिस्टॉटलने लिहून ठेवलं की ईल चिखलातून आपोआप उपजतात. 1876 मध्ये एक तरुण विद्यार्थी ट्रिएस्टच्या बंदरात सुमारे चारशे ईल चिरत बसला होता, नराची जननेंद्रियं शोधत. त्याचं नाव सिग्मंड फ्रॉइड, जो पुढे मनाचा अभ्यासक म्हणून जगाला माहीत झाला. त्याला पक्कं असं काही सापडलं नाही. दोष त्याचा नव्हता. ईलची ही इंद्रियं त्याच्या शेवटच्या समुद्रप्रवासात पूर्ण वाढतात, आणि त्या प्रवासातला ईल फ्रॉइडच्या टेबलावर येणं शक्यच नव्हतं. काही वर्षांनी इटलीत जोव्हानी ग्रासी यांनी दाखवून दिलं की समुद्रात सापडणारा, विलोच्या पानासारखा चपटा आणि पारदर्शक एक वेगळा समजला गेलेला मासा म्हणजे ईलचंच पिल्लू आहे.

मग ही पिल्लं जन्मतात कुठे? डेन्मार्कचे योहानेस श्मिट यांनी 1904 मध्ये शोध सुरू केला. त्यांची कल्पना शाळकरी मुलाला सुचावी इतकी सरळ होती. पिल्लू जितकं लहान, तितकी त्याची जन्मजागा जवळ. समुद्रात ठिकठिकाणी बारीक जाळी ओढायची, पिल्लं मोजपट्टीवर ठेवायची आणि जिकडे ती लहान होत जातात तिकडे जायचं. वाक्य सोपं आहे, काम अठरा-एकोणीस वर्षं चाललं, मध्ये पहिलं महायुद्ध येऊन गेलं. पिल्लं पश्चिमेकडे लहान लहान होत गेली आणि अखेर अवघ्या काही मिलिमीटरची सर्वांत छोटी पिल्लं अटलांटिकच्या पलीकडच्या बाजूला, सारगासो समुद्रात सापडली. तिथून प्रवाहांबरोबर वाहत ती युरोपच्या किनाऱ्याला येतात, नद्यांत शिरतात, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात राहतात आणि एके दिवशी खाणं सोडून परत समुद्राकडे निघतात.

सारगासोत पोचलेला मोठा युरोपीय ईल मात्र त्यानंतरही शंभर वर्षं कुणाच्या नोंदीत नव्हता. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अझोर्स बेटांजवळ यंत्रं लावून सोडलेले काही ईल तिथवर पोचल्याचं पहिल्यांदा दिसलं. त्यांची अंडी समुद्रात आजवर कुणी पाहिलेली नाहीत, ती घालताना ईलही पाहिलेले नाहीत.

"मग त्यांच्या मागे कॅमेरा का नाही पाठवत?" हे मुलं विचारतातच. कारणं खरीखुरी आहेत आणि ती सांगावीत. समुद्राच्या पाण्यातून उपग्रहापर्यंत रेडिओचा संदेश जात नाही, त्यामुळे ईलच्या पाठीवरचं यंत्र जिवंत वार्ता देऊ शकत नाही. ते मुकाट्याने खोली, तापमान आणि उजेड नोंदवत राहतं, ठरलेल्या दिवशी सुटून पाण्यावर तरंगतं आणि तेव्हाच सगळं सांगतं. तोवर ईल कुठल्या कुठे गेलेला असतो. दिवसा तो शेकडो मीटर खोल काळोखात उतरतो आणि रात्री थोडा वर येतो. दिवा लावला तर तो दूर पळतो. शोधायचा समुद्र लाखो चौरस किलोमीटरचा. त्यामुळे शास्त्रज्ञ सध्या श्मिट यांचीच वाट आणखी पुढे नेत आहेत. नुकतीच जन्मलेली पिल्लं पकडायची, समुद्रातल्या प्रवाहांचं गणित संगणकावर उलटं फिरवायचं आणि ती पिल्लं काही दिवसांपूर्वी कुठे असतील ते काढायचं. पुढच्या मोसमात जाळं कुठे टाकायचं, ते त्यावरून ठरतं.